खिरेश्वरचा राजू

गेल्या आठवड्यात मुलाने मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर खर्चाची यादी होती. एस.टी., जीप, दोन वेळचं जेवण, तंबूचं भाडं, आणि शेवटी 'इतर' म्हणून शंभर रुपये. दोघांचे मिळून अठराशे. तो आणि त्याचा कॉलेजातला मित्र हरिश्चंद्रगडावर निघाले होते. "अब्बू, एवढ्यात बसतं," तो म्हणाला. मी यादी वाचली आणि विचारलं, "कुठल्या वाटेने?" तर म्हणाला, खिरेश्वरहून, टोलार खिंडीने. पाचनईची वाट सोपी आहे, पण ती त्यांना नको होती.

मी पैसे दिले. टॉर्च दिली. आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती त्याला सांगता आली नाही. म्हणून इथे लिहितोय.

२००३ चा जानेवारी. मी पुण्यात बी.एड. करत होतो. तेव्हा बी.एड. एक वर्षाचं होतं आणि त्या वर्षात माणूस पाठ टाचणांखाली पार गाडला जायचा. माझ्या अध्यापन पद्धती मराठी आणि उर्दू. माझा मित्र मराठवाड्याचा, पहिलीपासून उर्दू माध्यमातला. त्याचे विषय इतिहास आणि भूगोल. आम्ही कॅम्पातल्या एका चाळीत तिघांच्या खोलीत चौघे राहायचो. ती खोली मिळण्याआधी महिनाभर आम्ही दोघं पुण्यात खोल्या शोधत फिरलो होतो. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की मालकाला आठवायचं, अरे, ही तर कालच दिली. २००२ चं ते वर्ष. गुजरात होऊन गेलेलं, डिसेंबरात मुंबईत बॉम्ब फुटलेले. मित्राला दाढी होती, टोपी तो कायम घालायचा. मी गुळगुळीत. माझं नाव दोन्हीकडे चालतं. असं नाव असलेले वाचक असतील, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

तर मित्राला सराव पाठासाठी विषय आला, 'मग़रिबी घाट'. म्हणजे आपला पश्चिम घाट. टाचण झालं, नकाशा झाला, तक्ताही झाला. आणि एका रात्री तो म्हणाला, "यार, मैंने घाट देख्याच नै. बच्चों कू क्या बताऊँ?" त्याचं गाव काळ्या मातीच्या सपाटीवरचं. नजर जाईल तिथवर कापूस. डोंगर म्हणजे त्याच्या लेखी गावाबाहेरची एक टेकडी, तीही मुरूम काढून निम्मी झालेली.

मी साताऱ्याकडचा, डोंगर बघत वाढलेला. तरी 'ट्रेक' म्हणून मी कधी कुठे गेलो नव्हतो. आमच्या मोहल्ल्यात डोंगरावर माणूस जातो तो शेळ्यांमागे, लाकडाला किंवा दर्ग्याला. मुद्दाम पैसे खर्चून, पाठीवर ओझं घेऊन, वर जाऊन परत खाली यायचं हे आमच्या अम्मीला आजही समजावता येत नाही. पण कॉलेजच्या ग्रंथालयात गडकिल्ल्यांचं एक पुस्तक सापडलं, त्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो होता. मित्राने तो फोटो बघितला आणि विषय संपला.

दोघांनी दोनशे-दोनशे काढले. जाण्यायेण्याच्या एस.टी.चे दोनशे साठ बाजूला ठेवले. उरलेल्या एकशे चाळीसमध्ये दोन दिवस. त्यात मित्राचा कॅनव्हासचा बूट धरला नव्हता, तो त्याने मंडईबाहेरच्या फुटपाथवरून वेगळ्या पैशांनी घेतला. बरोबर बारा पाव, सहा उकडलेली अंडी, फुटाणे, गूळ, खजूर, दोन सोलापुरी चादरी. बॅगा कॉलेजच्याच. टॉर्चचे सेल जुने होते, पण संक्रांतीनंतरचा शनिवार आम्ही बघूनच घेतला होता. पौर्णिमा होती. चंद्राला सेल लागत नाहीत, हा माझा हिशेब.

शिवाजीनगरहून पहाटेची गाडी, आळेफाट्याला बदलून कल्याणकडे जाणारी. माळशेज घाट सुरू व्हायच्या आधी खुबी फाट्याला उतरलो. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरपर्यंत चालायचं. समोर गडाचं ते अजस्र धूड. मित्र थांबून बघत राहिला. "ये सब लाव्हा है?" त्याने विचारलं. मग स्वतःच सांगायला लागला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, रस वर आला, पसरला, थंड झाला, पुन्हा त्यावर दुसरा. थरावर थर. डोंगराच्या अंगावर त्या पायऱ्या दिसतात म्हणून याला 'ट्रॅप' म्हणतात, स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ जिना. पुस्तकात पाठ केलेलं तो आता बोट दाखवून सांगत होता आणि त्याचा आवाज चढत होता.

भिंतीवर वारा होता. मी म्हणालो, "टोपी खिशात ठेव. उडेल, पाण्यात जाईल."

त्याने ठेवली.

वारा खरोखर होता. पण मी ते वाऱ्यासाठी म्हणालो नव्हतो. पुढे गाव दिसत होतं.

खिरेश्वरमध्ये एका घरासमोर पाणी मागितलं. सत्तरीच्या आसपासची आजी होती, नऊवारीतली, पाठीत थोडी वाकलेली. जेवायचं विचारलं तर म्हणाली, पिठलं-भाकरी होईल, माणशी पंधरा रुपये. तीस रुपये आमच्या हिशेबात बसत होते. ओसरीवर बसलो. तिने चुलीपुढे बसल्या बसल्या विचारपूस सुरू केली. कुठलं गाव, काय शिकता, आई-बाप काय करतात. सगळी खेडी अशीच विचारतात, त्यात वाकडं काही नव्हतं. मग म्हणाली, "नावं काय रं तुमची?"

मी माझं सांगितलं. नुसतं पहिलं. मित्र तोंड धूत होता, तांब्या हातात होता. तो बोलायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "आणि हा राजू."

मी ठरवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण शपथेने काय होतं? नाव इतकं पटकन आलं की ते आधीपासून तोंडात तयार असलं पाहिजे.

मित्राने तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही.

आजी म्हणाली, "राजू, येवढी दाढी कशापायी वाढवली रं लेकरा? नवस हाय का?"

"हो," मी म्हणालो. "नवस आहे त्याचा."

आता विचार केला की वाटतं, एक खोटं माणूस घाबरून बोलतो, दुसरं फक्त पहिल्याला सोबत म्हणून. आजीने कौतुकाने मान हलवली आणि राजूच्या ताटात एक भाकरी जास्तीची टाकली. नवसाचा पोरगा म्हणून. त्याने ती खाल्ली, खाली मान घालून. निघताना आजी म्हणाली, रात्री वर थंडी लई असती, तुमच्या चादरीनं काय व्हणार न्हाई. आणि आतून एक काळी घोंगडी आणून तिने त्याच्या खांद्यावर टाकली. "येताना दिऊन जा."

अनामत नाही, पत्ता नाही. मी पैसे द्यायला लागलो तर घोंगडीचे घेतले नाहीत.

टोलार खिंडीपर्यंतची चढण दीड तासाची. दीड तास तो माझ्याशी बोलला नाही. चिडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता पुढे चालत होता, पाठीवर ती घोंगडी. मी मागून बोलत होतो. हे झाड कुठलं, तो पक्षी बघितलास का. उत्तर नाही. खिंडीत दगडावर वाघ कोरलेला आहे, गावकऱ्यांचा वाघोबा. तिथे बसून आम्ही पाणी प्यायलो. त्याने बाटली माझ्या हातात दिली नाही, मध्ये दगडावर ठेवली.

खिंडीच्या पुढे कातळाचा टप्पा आहे. खोबण्या आहेत, कठडाही होता, पण पाठीवर ओझं आणि मनात भीती असली की पाय कापतात. साताऱ्याचा मी, माझेच कापत होते. तो वर पोचला होता. वाकून हात खाली केला. मी धरला, वर आलो, त्याने हात सोडला. तेवढंच. तिथेच त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. ऐंशी रुपयांचा बूट, दोन तासही टिकला नाही. पायजम्याची नाडी काढून त्याने ती बुटावरून गुंडाळली आणि चालू लागला. पुढे पठारावर टेकडीमागून टेकडी. एक उतरलो की दुसरी. देऊळ येतंय म्हणता म्हणता सव्वापाच झाले.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ दरीसारख्या खोलगट जागेत आहे, त्यामुळे ते एकदम समोर येतं. अखंड दगडाचं वाटावं असं शिखर. शेजारी केदारेश्वराची गुहा, आत कमरेइतकं बर्फासारखं पाणी, मधोमध भलं मोठं लिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत. चांगदेवांनी इथे तप केलं, 'तत्त्वसार' इथे लिहिला असं सांगतात. मित्र गुहेच्या तोंडाशी बराच वेळ उभा होता. इतिहासाचा विद्यार्थी. इतर वेळी त्याने मला खांबांबद्दल दहा प्रश्न विचारले असते.

टाक्यातून बाटलीत पाणी घेतलं, पिण्याचं पाणी खराब होऊ नये म्हणून लांब जाऊन वजू केलं आणि कोकणकड्याकडे निघालो.

कोकणकड्याचं वर्णन करायला मी जात नाही. ज्यांनी बघितलाय त्यांना गरज नाही. एवढंच सांगतो की चालता चालता जमीन संपते. पठार चाललंय, चाललंय, आणि मग नाही. खाली कोकण, धुरकट. कडा सरळसुद्धा नाही, आत गेलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. काठावर पालथं पडूनच बघायचं. खालून वारा वर येतो, तोंडावर आदळतो.

मित्र पालथा पडून बघत होता. मग मागे सरकला, उठून बसला. खिशातून टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली. वारा धरणाच्या भिंतीवर होता त्याच्या चौपट. टोपी दोन्ही हातांनी खाली ओढून त्याने माझ्याकडे बघितलं आणि सकाळपासूनचं पहिलं वाक्य बोलला.

"उडती क्या देखू."

सूर्य खाली गेला. मागे, पूर्वेला, चंद्र वर आला होता. आपल्याकडून किबला पश्चिमेला, आणि कडाही पश्चिमेला तोंड करून. काठापासून वीस पावलं मागे आम्ही चादर पसरली. दोघेच असलो की मुक्तदी इमामाच्या उजव्या हाताला उभा राहतो. तो इमाम, मी उजवीकडे. दिवसभर जो माझ्यापासून दहा पावलं पुढे चालला, त्याच्या खांद्याला खांदा लावून मी उभा होतो. समोर काहीच नव्हतं. भिंत नाही, मेहराब नाही, जमीनसुद्धा नाही. मग़रिबची नमाज प्रवासातही तीनच रकात, ती कमी होत नाही. त्याची किरात वाऱ्यात अर्धी ऐकू येत होती.

सलाम फिरवल्यावर तो तसाच बसून राहिला. मी म्हणालो, "माफ कर."

"तेरेकू डर लग्या," तो म्हणाला. "ठीक है. लगता. मगर तेरेकू डर लग्या तो तू तेरा नाम बदलता. मेरा कायकू बदल्या?"

मी काय सांगणार? माझं बदलायची गरज नव्हती, म्हणून.

"अब्बा ने अक़ीक़े में दो बकरे काटके रख्या वो नाम," तो म्हणाला. "तू पंद्रा रुपये की भाकरी पे बदल दिया."

यावर तो हसला. मला हसता आलं नाही. अजूनही तो हे वाक्य चेष्टेत घेतो, मी नाही.

रात्री गणेश गुहेत ठाण्याची चार मुलं होती. त्यांनी नावं विचारली. मित्राने सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, हजेरीला उभं राहिल्यासारखं. ती मुलं म्हणाली, बसा, मॅगी होतेय. आम्ही आमचे पाव काढले, त्यांनी त्यांची मॅगी. त्यातल्या एकाने त्याच्या बुटाला नायलॉनची दोरी दिली.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. बघ, उगाच घाबरलास, लोक किती चांगले असतात, असं सांगायला मी हे लिहीत नाही. ज्या पुण्यात आम्हाला खोली मिळत नव्हती त्याच पुण्याहून आम्ही इथे आलो होतो. भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीचं काय करायचं हे माझ्यापुरतं ठरवायचा हक्क मला होता, त्याच्यापुरतं नव्हता. एवढंच मला त्या घोंगडीत, त्याच्या पाठीला पाठ लावून झोपताना उमगलं. झोपताना म्हणजे काय, थंडीने झोप लागलीच नाही. आजीचं खरं होतं. ती घोंगडी नसती तर आमचं कठीण होतं.

सकाळी उतरताना मी म्हणालो, घोंगडी फाट्यावरच्या टपरीवाल्याकडे देऊ, तो पोचवेल. मित्र म्हणाला, "मेरे खांदे पे डाली थी. मैं देऊंगा." टोपी डोक्यावर.

आजी अंगणात काहीतरी निवडत होती. त्याने घोंगडी घडी करून समोर ठेवली आणि त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आजी, माझा नाव राजू नाही." आणि आपलं नाव सांगितलं. "मी मुसलमान आहे. दाढी नवस का नाही, माझी आहे."

आजीने त्याच्याकडे बघितलं. टोपीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आन तू कोन?"

नाव तर मी काल खरंच सांगितलं होतं. तरी मला उत्तर द्यायला वेळ लागला. "मी पण," मी म्हणालो.

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नवसाचं खोटं बोलू ने, पोरांनो. नाव सांगा, नका सांगू. नवसाचं खोटं बोलू ने. त्यो ऐकतो."

मित्र म्हणाला, "बरोबर आहे, आजी." अगदी मनापासून. या एका मुद्द्यावर त्या दोघांचं माझ्याविरुद्ध एकमत होतं.

तिने घोंगडी उलगडून बघितली, कुसळं लागली होती ती दोन-तीन उपटली, आणि आत गेली. आम्ही जरा थांबलो. चहा विचारला नाही. दूध नव्हतं, राग होता, की नुसतं काम होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. वीस वर्षांत मी त्या अंगणात मनातल्या मनात कितीदा उभा राहिलोय. दर वेळी ती आत जाते आणि दर वेळी मी वेगळं कारण लावतो.

फाट्यावर आळेफाट्याची एकही गाडी थांबेना, सगळ्या भरलेल्या. शेवटी एका भाजीच्या टेम्पोत टोमॅटोच्या क्रेटवर बसून ओतूरपर्यंत आलो. पुण्यात उतरलो तेव्हा दोघांत अकरा रुपये शिल्लक होते. दोन कटिंग आणि एक बनमस्का वाटून.

पुढच्या आठवड्यात त्याचा पाठ झाला. मी निरीक्षक विद्यार्थी म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. तक्ता त्याने उघडलाच नाही. पोरांना विचारलं, "मग़रिब किधर है?" सातवीच्या पोरांनी एका सुरात किबल्याकडे हात केले. "हौ. उधरच चलते रहो. एक जगा जमीन ख़तम होती." मग फळ्यावर थर काढले, जिना काढला, एका बाजूला उतरता पठार आणि दुसऱ्या बाजूला कडा. समुद्राकडून येणारे ढग त्या कड्याला अडून चढतात, चढताना थंड होतात आणि सगळं पाणी तिकडेच ओततात. पलीकडे उतरतात तेव्हा हात रिकामे. म्हणून माझ्या गावात कापूस आणि कोकणात भात. चाळीस मिनिटांत एकाही पोराने घड्याळाकडे बघितलं नाही. मार्गदर्शक मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, शैक्षणिक साधनांचा वापर कमी. तो बूट त्याने दाखवायला आणला होता, पण पिशवीतून काढायचा राहिला.

आज तो मराठवाड्यातल्या एका उर्दू शाळेत मुख्याध्यापक आहे. दाढी पांढरी झालीय. माझ्या मुलाचं नाव दोन्हीकडे चालणारं नाही. ठेवताना मी या गोष्टीचा विचार केला होता, बायकोलाही सांगितला होता. ते बरोबर केलं की मुलाच्या खांद्यावर माझंच ओझं टाकलं, हे तो मोठा होऊन ठरवेल. बहुतेक ठरवतच असेल.

हे लिहायच्या आधी मित्राला फोन केला. विचारलं, तुझं नाव लिहू का? त्याच्या शाळेत कसली तरी तपासणी चालू होती, मागे गोंगाट होता.

"कायकू?" तो म्हणाला. "तू रख्या था ना एक? वोच लिख."

मग म्हणाला, पोरगा कधी निघतोय? मी म्हणालो, शनिवारी. "ऊपर बहुत थंड रहती," तो म्हणाला. "उसकू बोल, चादर पे नको जाऊ."